लॅग संपला, सुशांत हरला!

लोकहो, आज राउटर निवडला आणि मॅचपण मारली!

आमच्या देवबागच्या घरात जुन्या राउटरचा वायरलेस सिग्नल चिऱ्याच्या जाड भिंतीतच मरायचा. गेम सारखा अडकायचा. कुडाळचा मावसभाऊ सुशांत चिडवायचा, "तू गोळी मारीपर्यंत माझी च्या पिऊन होता!" आज संध्याकाळी त्याच्याशीच फायनल होती.

सकाळी बाबांना घेऊन मालवणला गेले. दुकानदार तीन अँटेनावाला महागडा राउटर गळ्यात मारत होता. मी साधा, वायरवाला घेतला; बाहेरच्या खोलीतल्या राउटरमधून वायर थेट माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरला, म्हणजे भिंतीचा प्रश्नच नाही.

बाबा म्हणाले, "गो, पण वायर आत खंयसून नेतलंस?"

भिंत आणि कौलांच्या मध्ये फट आहे, पण माझा हात काही पोचेना. बाबा मासेमारी करणारे. त्यांनी गळाच्या दोरीला शिसं बांधलं आणि एका फेकीत फटीतून माझ्या टेबलावर! मग दोरीला वायर बांधून मी आत ओढली.

गेम एकदाही अडकला नाही. सुशांत तीन-शून्य हरला. फोन करून विचारतो, "लाईन कोणी टाकल्यान गो?"

बाबा मागून ओरडले, "त्येका सांग, मोठो मासो गावलो!"

आता खरं सांगा, अँटेना मोजून राउटर घेणारे कोण कोण आहात?