परतीची वाट विचारणारे खरात सर

संस्थेच्या जालन्याच्या कार्यालयात मी मुलाखतीला गेले, तेव्हा खरात सरांनी पहिला प्रश्न विचारला, "टेंभुर्णीहून आलात कशा?" म्हटलं, एसटीनं. मग नेटवर्कचं बरंच विचारून झालं. काही मला येत होतं, काही मी ठोकून दिलं. शेवटी सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणि परत कशा जाणार?" मनात म्हटलं, झालं! घरचा रस्ता दाखवला. जरा फणकाऱ्यानंच उत्तर दिलं, "संध्याकाळची गाडी आहे. चुकली तर मावशीकडं राहीन, नाहीतर भोकरदनवरून जाईन." सर इतके खूश झाले की त्यात खूश होण्यासारखं काय, ते मला कळेना. शेजारच्या साहेबांना म्हणाले, "हिला परतीच्या वाटा ठाऊक हायेत." नोकरी मिळाली.

त्याच खरात सरांची साठी आता आपण साजरी करत आहोत. गौरवग्रंथासाठी लिही म्हणून मला सांगितलं, तेव्हा आधी भीती वाटली. सरांचं काम डोळ्यांना दिसत नाही. पूल बांधणाऱ्याचा पूल दाखवता येतो, सरांनी बांधलेलं काय दाखवू?

आपल्या संस्थेचं रुग्णालय, कॉलेज आणि कार्यालय एकाच फायरवॉलच्या आडोशाला आहे. फायरवॉल म्हणजे वेशीवरचा पहारेकरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारा. सरांनी त्या एका यंत्रात तीन व्हर्च्युअल डोमेन केली. एका घरात तीन बिऱ्हाडं म्हणा. प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं, बाहेरच्या वाटा वेगळ्या. या बिऱ्हाडातून त्या बिऱ्हाडात काही न्यायचं तर मधल्या जोडवाटेनंच, आणि पिशवी उघडून दाखवूनच. कॉलेजातल्या पोरांच्या लॅपटॉपमध्ये काय काय किडे असतात ते मी सांगत नाही. ते रुग्णालयात शिरू नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

दुपारी जेवण झालं की सर यंत्रांच्या काचेच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसत. आत हिरवे दिवे लुकलुकत असत, पंख्यांची एकसुरी घरघर चालू असे, आणि सरांचे डोळे अर्धे मिटत. "सर, झोपलात का?" असं विचारलं की दचकून म्हणत, "न्हाई माय, पॅकेटसोबत गेल्तो जरा." पॅकेट म्हणजे तारेतून धावणारं माहितीचं पुडकं. नवीन माणसाला वाटे, म्हातारा थापा मारतो. पण सरांचं लहानपण वडीगोद्रीला, हमरस्त्याच्या कडेला गेलेलं. थांबलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते म्हणे विचारत, कुठून आलात, कुठं निघालात, परत कधी येणार. मला वाटतं, त्या रस्त्यावरून सर अजून उठलेलेच नाहीत.

त्यातूनच सरांची ती प्रसिद्ध पद्धत आली असावी. कुठं काही अडलं की आम्ही पडद्याला नाक लावून बसत असू. सर आम्हाला खुर्चीवरून उठवत. "चला, पॅकेट व्हा." आमच्या ओळीनं असलेल्या तीन खोल्या म्हणजे तीन बिऱ्हाडं. प्रत्येक उंबऱ्यावर एकेक जण उभा राहून हटकणार, आणि यंत्रात जे लिहिलंय त्याच्यापलीकडं एक शब्द बोलणार नाही. आम्ही खुसुखुसू हसायचो. सर कधी हसले नाहीत.

एके दिवशी मीही हसले नाही. माझ्या वहिनीचं माहेर आष्टीचं. तिथल्या आपल्याच संस्थेच्या आरोग्य केंद्रात ती बाळंत झाली, आणि दूध पिता पिता पोर निळी पडायला लागली. तिच्या हृदयाची सोनोग्राफी केली, पण ती बघणारे हृदयाचे डॉक्टर जालन्याला कॉलेजच्या इमारतीत बसतात. पोरीला ऑपरेशनसाठी संभाजीनगरला न्यायचं, तर रस्ता झेपेल का, हे तेच सांगणार होते. आष्टीहून चित्रं रुग्णालयाच्या बिऱ्हाडात आली आणि कॉलेजच्या दारात नाहीशी झाली. भावाचा फोनवर फोन, "पोचलं का गं?" संचालकसाहेब स्वतः येऊन ओरडले, "खरात, सगळं उघडून टाका! सगळ्याला परवानगी द्या!"

सर म्हणाले, "न्हाई साहेब. इकडं अतिदक्षतेची यंत्रं हायेत. तिथं बी कुणाचं तरी लेकरूच हाय."

माझं डोकंच फिरलं. "आमची पोर निळी पडलीय आणि तुम्ही नियम सांगताय?" असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तो राग बरोबरच होता, आजही म्हणेन. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चल माय, तू पॅकेट हो. आष्टीहून निघ."

पहिल्या उंबऱ्यावर सर स्वतः उभे राहिले. "कुठून?" आष्टीहून. "पिशवीत काय?" पोरीच्या हृदयाची चित्रं. "जा," सर म्हणाले. पुढच्या उंबऱ्यावर आमचे शेखभाई, हातात कॉलेजच्या बिऱ्हाडाच्या वाटा उघडलेला लॅपटॉप. "कुठून?" आष्टीहून. शेखभाईंनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली.

"सर, आष्टीची वाटच न्हाई इथं."

आष्टी केंद्रातल्या यंत्रांना त्याच आठवड्यात नेटवर्कचे नवे पत्ते दिले होते. जायची वाट आम्ही सगळ्यांनी मिळून टाकली, कॉलेजातून परत यायची कुणीच टाकली नाही. आणि ज्याची परतीची वाट ठाऊक नाही, त्या पाहुण्याला आमचं यंत्र दारातच थोपवतं. साहेबांचं ऐकून सगळं उघडलं असतं, तरी चित्र पोचलं नसतं. किडे तेवढे शिरले असते.

"घरातून निघताना आपण 'जाते' म्हणतो का? 'येते' म्हणतो," लिहिता लिहिता सर पुटपुटले. "अन् पोरीला आपण नुसतं 'जा' म्हणून राह्यलो." एक ओळ टाकली. चित्रं तपासून घेऊन पलीकडं गेली. डॉक्टर म्हणाले, रस्ता झेपेल, पण आत्ता निघा, जल्दी. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. सरांनी पाणी आणून दिलं आणि पुन्हा काचेसमोर जाऊन बसले. गाडी संभाजीनगरला पोचल्याचा फोन येईपर्यंत हलले नाहीत.

पोरीचं ऑपरेशन झालं. आता ती अंगणवाडीत जाते आणि घर डोक्यावर घेते. मध्यंतरी वहिनीनं तिला सरांच्या पाया पडायला आणलं होतं. निघताना ती म्हणाली, "जाते आजोबा." सर उठले आणि दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले.

"परत कधी येणार? सांगितल्याशिवाय सोडत न्हाई."

"उद्या!" म्हणून ती त्यांच्या हाताखालून पळाली.

दुसऱ्या दिवशी काही ती आली नाही. पण फोनवर रोज विचारते, आजोबा दारात आहेत ना? तिच्या सगळ्या 'उद्यां'साठी दारात उभं राहायला आमच्या खरात सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो.