प्लॅस्टिकखालचं पाणी

क्लासच्या पहिल्या वर्षी मी जमिनीला हिरवा ऑइलपेंट मारून घेतला आणि महिनाभरात तो फुगून सुटायला लागला. मुलं खालीच बसायची. घरी जाताना कुणाच्या पँटला, कुणाच्या सलवारीला हिरवे पोपडे. औशाहून येणाऱ्या एका मुलाचे वडील दारात उभे राहून म्हणाले, "म्याडम, पोरगं डॉक्टर करायला धाडलं होतं, तुमी पोपट करून धाडला की!" सगळे हसले, मीही हसले. पण त्या आठवड्यात दोन मुली यायच्या थांबल्या. वह्या ओल्या होतात, म्हणाल्या. लातुरात क्लासेसना काही तोटा नव्हता. दुसऱ्या वर्षीही जमीन अशीच राहिली, तर माझा क्लास राहणार नव्हता.

जागा म्हणजे डाळीचं जुनं गोदाम. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, तरी पालक आत आले की आधी वर बघायचे. डोक्यावर दगडमाती नाही, हलका पत्रा आहे, हे दिसलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मीही तेवढंच बघून जागा घेतली होती. मी रसायनशास्त्र शिकवणारी, नांदेडला पदवी घेतलेली, आमच्या घरातली पहिली. पण सिमेंटची जुनी जमीन खालून ओल ओढते, हे मला एका मिस्त्रीने शिकवलं.

त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या तीन पिढ्या फरशी-कोब्याच्या कामात. मे महिन्यात त्यांनी सगळा हिरवा रंग खरवडून काढला, आणि मी नव्या रंगाचे डबे पुढे केले तर हात आडवा धरला.

"घाई करू नका. आधी जमिनीला इचारू."

जमिनीला विचारायची त्यांची रीत सोपी होती. हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर अंथरायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि एक दिवस थांबायचं. आतून थेंब धरले तर जमीन ओली. कोरडं राहिलं तर रंग लावायचा.

दुसऱ्या दिवशी थेंब. चाचा म्हणाले, दारं-खिडक्या उघड्या टाका, पंखे लावा. तिसऱ्या दिवशी थेंब. पाचव्या दिवशीही थेंब. बाहेर लातूरचं ऊन असं, की दोरीवरचं लुगडं चहा होईपर्यंत वाळावं, आणि आत ही जमीन पाणी सोडून राहिलेली. नवी बॅच सोमवारी सुरू होणार, हे मी जळकोटपर्यंत कळवून बसले होते.

"चाचा, खाली झरा आहे का हो?"

"चाळीस वर्सात असली जमीन बघितली न्हाई म्याडम. ही मलाच परीक्षेला बसवून राहिली."

सहाव्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. दार उघडं होतं. आत माझी आई, पदर खोचून, बादली शेजारी घेऊन जमीन पुसत होती. देगलूरकडच्या आमच्या गावाहून ती मला मदत करायला आली होती, आणि रोज पहाटे ती देवळात जाते, असं मी समजत होते.

"आई! हे काय?"

"काय म्हंजे? साळा सुरू व्हायच्या आदी जमीन धुवावी लागती का न्हाई?"

गावच्या शाळेची जमीन दर शनिवारी शेणानं सारवायचं काम तिचं होतं. वर्गात बसायला ती कधी गेली नाही. गेली ती सारवायला. आता लेकीची शाळा, मग ती कोरडी कशी ठेवायची!

"आणि हे प्लॅस्टिक?"

"ते काढून खालचं बी पुसते. परत नीट चिकटवते की!" ती अभिमानाने म्हणाली.

तेवढ्यात चाचा आले. त्यांनी बादलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "या अल्ला! म्या जमिनीला शिव्या देऊन राहिलो, अन् झरा तर इथं हुबा हाय!"

आई ओशाळली. चाचांनी लगेच सूर बदलला. "ताई, आता ही जिम्मेदारी तुमची. प्लॅस्टिकला हात लावायचा न्हाई, नुसतं बघायचं. तुमी कोरडं म्हणाल त्या दिवशी रंग."

मग काय! आई दर तासाला जाऊन वाकून बघायची. दारात कुणी पाण्याचा तांब्या आणला, तर त्याला तिथूनच परत पाठवायची. पहिल्या दिवशी "हाय अजून," म्हणाली. दुसऱ्या दिवशी "कडंला हाय जराशी." तिसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांना बोलावलं. प्लॅस्टिक काचेसारखं स्वच्छ होतं. चाचांनी पट्टी ओढली, खाली तळहात टेकवला आणि तिच्याकडे बघितलं.

"लावा," आई म्हणाली.

रंग लागला, पण वाळायला वेळ हवा होता. सोमवारची बॅच मी गुरुवारवर ढकलली. कुणी कुरकुरलं नाही. गुरुवारी मुलं आली, ओळीनं बसली. आई दारातच घुटमळत होती. मी म्हटलं, "आत ये." ती मागच्या ओळीत मुलींच्या शेजारी गेली. कुणीतरी तिच्याकडे सतरंजी सरकवली; तिने ती बाजूला केली, जमिनीवरून हात फिरवला आणि मांडी घालून बसली. मी फळ्याकडे वळले. तास संपेपर्यंत ती उठली नाही.