चिठ्ठ्या नसलेली कालवं

"कुठून आलं, ते आधी सांगा." बाईंच्या हातात काहीही दिलं तरी पहिला प्रश्न हाच. अगदी वाढदिवसाचा पेढा दिला तरी. दुकानाचं नाव सांगेपर्यंत त्या तो तळहातावर तसाच धरून ठेवायच्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पनवेलच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. खाडीच्या बाजूला तेव्हा नव्या इमारतींचे पाये खणले जात होते आणि खाली चिखलात हजारो वर्षांपूर्वीच्या कालवांचे थर लागत. बाई रविवारी तिथे उन्हात उभ्या असत. खणणारा एक गडी ओळखीचा झाला होता. "बाई, ह्यो खालचा हाय, वरचा नाय," असं सांगूनच तो शिंपला द्यायचा. बाई लगेच चिठ्ठीवर जागा आणि खोली लिहायच्या.

"ह्यातून काय कळणार?" मी एकदा विचारलं.

"हे कालव जिवंत होतं तेव्हा समुद्राचं पाणी किती गरम होतं, ते." दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या जुन्या ड्रिलने त्या शिंपल्याच्या एकेका रेघेतून चिमूटभर भुकटी काढत होत्या. "ऑक्सिजन हलका असतो, जडही असतो. पाणी गार असलं की शिंपल्यात जड जास्त बसतो. खाडीत पावसाचं गोडं पाणी मिसळतं, त्यानेही आकडा बदलतो, म्हणून बोलायचं मात्र जपून."

ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. भुकटीच्या बाटल्या दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायच्या आणि महिनोन्महिने वाट बघायची. अशी सहा वर्षं गेली. पहिले आकडे नुकतेच आले होते. ते ताडून बघायला तेच शिंपले पुन्हा लागणार होते.

दिवाळीच्या सुटीत बाई गावी गेल्या. सुटी संपताच कॉलेजात मोठे पाहुणे येणार होते. प्राचार्यांनी मला बोलावलं. "कपाटातले शिंपले नुसते पडून आहेत. फाटकाच्या कमानीला लावू. किल्ली द्या." मी दोनदा म्हणालो, "बाईंना विचारतो." तिसऱ्यांदा किल्ली दिली.

चकाकावेत म्हणून शिंपले ॲसिडमध्ये धुतले. चिठ्ठ्या केरात गेल्या. कालवं सिमेंटमध्ये रोवून वर सोनेरी रंग मारला.

बाई परतल्या आणि कमानीखाली थांबल्या.

"छान दिसतंय ना?" प्राचार्य म्हणाले.

"ह्यातलं कुठलं कोणत्या थरातलं, दाखवा."

"अहो, शिंपलेच ते. करंजा बंदरावरून पोतंभर मागवून देतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

एवढंच. प्राचार्यांचा राग मला आजही येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो. तुम्हीही कधी अशी कुणाची वर्षानुवर्षांची मेहनत दुसऱ्याच्या हवाली केली असेल, तर तुम्हाला हे कळेल.

नव्याने गोळा करायला जागाही उरली नव्हती. खड्ड्यांत काँक्रीट भरलं गेलं होतं. मार्चमध्ये बाईंनी राजीनामा दिला. निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, "बाईंच्या शिंपल्यांनी कॉलेजची शोभा वाढवली." बाई उठल्या, मंचाच्या पायऱ्या उतरल्या आणि बाहेर जाऊन रिक्षात बसल्या. कुणी अडवलं नाही. त्यांना द्यायची शाल माझ्या हातात तशीच राहिली.

प्राचार्यांनी रिकाम्या खुर्चीकडे बघत भाषण पूर्ण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.