लाल दिव्याचा हिशेब

दिवसभर लोखंडी जिने जोडणाऱ्या वेल्डरबाईंची गाडी जुनी आणि हळू, म्हणून दोन-दोन गाड्यांच्या शर्यतीत तिला हिरवा दिवा तीन सेकंद आधी मिळायचा. हिरव्याआधी चाक हललं की लाल दिवा आणि गाडी बाद. त्यातही नियम असा, की एकाची चूक झाली की दुसऱ्याची बघायचीच नाही.

गेल्या अंतिम फेरीत बाईंचं चाक केसभर आधी हललं. त्यांचा लाल दिवा दिसताच शेजारच्या वेगवान गाडीतला शोरूमवाला आपल्या हिरव्याची वाट न बघता उधळला, तरी चषक त्यालाच. वर म्हणाला, "काकू, या वयात एवढी घाई बरी नव्हे!"

बाईंनी खूणगाठ बांधली. वर्षभर दारोदार फिरून हळू गाडीवाल्यांच्या सह्या घेतल्या आणि कागद पंचांपुढे आपटला. "आधी आम्ही सुटणार, मग चूकही आमचीच आधी दिसणार. हा न्याय झाला का? दोघं चुकले तर ज्याची चूक मोठी, तो बाद!" पंचांना मान डोलवावीच लागली.

यंदा अंतिम फेरीत पुन्हा तीच जोडी. नुसतं जिंकून बाईंचं पोट भरणार नव्हतं. त्यांनी मुद्दाम, अगदी केसभर आधी क्लच सोडला. शोरूमवाला आपल्या हिरव्यापर्यंत थांबला असता तर सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. पण लाल दिवा दिसला आणि जुन्या खोडीने तो आपल्या हिरव्याच्या चांगले अडीच सेकंद आधी उधळला.

"पण आधी काकू चुकल्या!" तो पंचांवर ओरडला.

"चुकले नाही रे, गळ टाकला," बाई म्हणाल्या आणि त्याच्या डोळ्यांत बघत चषक उचलला.