पूजलेली पाचशे तिकिटं

रविवार, ११ मे २००८. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातले पुरुषोत्तम बेहेरे, वय सदुसष्ट, यांनी जेवणाच्या टेबलावर एकशे बारावं बुकलेट पुढे ओढलं. एका बुकलेटात वीस टपाल तिकिटं. त्यातलं कुंकू लागलेलं एक ते चिमट्यानं सोलून मेणकागदावर चिकटवत होते आणि उरलेली एकोणीस बुटांच्या खोक्यात टाकत होते. बुकलेटं एकूण पाचशे होती. सगळी उद्या सकाळच्या आत संपवायची होती.

पुरुषोत्तमरावांनी अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या ब्रेकचे सुटे भाग तपासले. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हातून गेलेला एकही भाग परत आलेला नव्हता, आणि हे ते नव्या ओळखीत पहिल्या दहा मिनिटांत सांगत. २००७च्या एप्रिलमध्ये पोस्टानं एक नवं तिकीट काढलं. त्यावर घंटेचं चित्र होतं, किंमत छापलेली नव्हती. आज एक्केचाळीस सेंटला घ्या, पुढे दर कितीही वाढो, साध्या पत्राला हे एक तिकीट कायम पुरेल. पुरुषोत्तमरावांनी ती बातमी दोनदा वाचली. सरकार आपण होऊन महागाईपासून संरक्षण विकतंय आणि कुणाचं लक्षच नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं.

पैसे त्यांच्या पत्नीच्या, लतिकाबाईंच्या, ओट्याचे होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, शेगडीच्या उजव्या हाताला, १९८९ साली कुकर ठेवल्याचा काळा गोल डाग होता. ओटा ग्रॅनाइटचा करायचा म्हणून त्यांनी चार हजार शंभर डॉलर बाजूला काढले होते. पुरुषोत्तमरावांनी ते वर्षभरासाठी मागितले. दर वाढला की तिकिटं नव्या दरानं विकायची, ओटा करायचा आणि वरचा नफाही ठेवायचा, असा बेत होता.

वरचा म्हणजे किती, असं लतिकाबाईंनी विचारलं. दर एका सेंटनं वाढला तर शंभर डॉलर, असं उत्तर आलं.

"शंभर डॉलरसाठी दहा हजार पत्रं?"

"पत्रं आपल्याला लिहायची नाहीयेत," पुरुषोत्तमराव म्हणाले.

खरेदी चार गावांच्या पोस्टांतून, पंचवीस-पंचवीस बुकलेटांनी, वीस फेऱ्यांत झाली. एका खिडकीवरच्या बाईंनी घरात लग्न आहे का, असं विचारलं. त्यांनी हो म्हटलं, कारण खरं सांगायला जास्त वेळ लागला असता.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला लतिकाबाईंनी पाटावर दागिने, चांदीचं नाणं आणि चेकबुक मांडलं. पुरुषोत्तमरावांनी शेजारी पाचशे बुकलेटं आणून रचली. यंदा घरातलं खरं धन हेच, असं त्यांचं म्हणणं. लतिकाबाई म्हणाल्या, वरच्या एकाला कुंकू लावा, सगळ्यांना पोचतं.

"सँपलिंग पूजेत चालत नाही. शंभर टक्के तपासणी म्हणजे शंभर टक्के."

आणि त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट पाचशे वेळा टेकवलं, प्रत्येक बुकलेटाच्या वरच्या कोपऱ्यात, बरोबर पहिल्या घंटेवर. एक तास चाळीस मिनिटं लागली. फराळाला आलेली माणसं चिवडा खाऊन, लाडू डब्यात घेऊन घरी गेली.

फेब्रुवारीत जाहीर झालं की १२ मेपासून दर बेचाळीस सेंट. गिऱ्हाईकही मिळालं. डॉक्टर नरेंद्र सबनीस हे गावातले दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना दर सहा महिन्यांनी प्रत्येक पेशंटला तपासणीची आठवण पत्रानं करतो. दर पुढेही वाढणारच, हे त्यांना पटलं. दहा हजार तिकिटं बेचाळीस सेंटनं घ्यायची आणि बारा तारखेला सकाळी चेक द्यायचा, असं ठरलं. व्यवहार लेखी असावा म्हणून पुरुषोत्तमरावांनी बुधवारी तसं पत्र पाठवलं आणि त्याला साठ्यातल्या वरच्या बुकलेटाचं पहिलं तिकीट लावलं.

शनिवारी संध्याकाळी नरेंद्रचा फोन आला.

"काका, तुमचं लेटर मिळालं. एक्केचाळीस सेंट मी भरले."

तिकिटावर लाल डाग होता. डाग असलेलं तिकीट पोस्टात चालत नाही. ते आधी शिक्का बसलेलं असू शकतं. नरेंद्रनं अतिशय नम्रपणे सांगितलं की माल घेतो, पण कुंकवाची तिकिटं काढून द्या. माझ्या रिसेप्शनिस्टला मी लक्ष्मीपूजन कसं समजावू?

पुरुषोत्तमरावांनी एक बुकलेट दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिलं.

"मीही रिजेक्ट केलं असतं," ते म्हणाले.

रात्री त्यांनी स्पिरिट लावून डाग पुसून पाहिला. डागाबरोबर घंटाही गेली.

साडेसातला लतिकाबाई खाली आल्या. मदर्स डे होता. अबोलीचं, म्हणजे मुलीचं, ग्रीटिंग ई-मेलनं आलं होतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि हिशेब विचारला. विसांत एक तिकीट वाया, म्हणजे पाच टक्के. दरवाढ अडीच टक्क्यांच्याही आत. नऊ हजार पाचशे तिकिटांचे येणार तीन हजार नऊशे नव्वद.

"म्हणजे ओट्याला एकशे दहा कमी," लतिकाबाई म्हणाल्या.

ते आपल्या खात्यातून भरतो, असं पुरुषोत्तमराव लगेच म्हणाले.

"नको. एकशे दहाचा दगड कमी बसवायला सांगते. शेगडीजवळचा तुकडा आहे तसाच राहू दे."

"डागासकट?"

"सकाळचा चहा तुम्ही करता ना? रोज दिसेल."

त्यांनी आणखी एक तिकीट सोललं. थोड्या वेळानं सोललेल्या तिकिटांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. पूजेतलं काही कचऱ्यात टाकायचं नाही, हा घरचा नियम होता. नदीत सोडावीत का?

"आणि पोलिसांनी विचारलं तर? इथेही लग्न आहे म्हणून सांगणार?"

देवघराखालच्या खणात जागा होती. पुरुषोत्तमरावांनी मेणकागदाची गुंडाळी तिथे ठेवली आणि एकशे एकतिसावं बुकलेट घेतलं. पुढे एकदा ते उठून ओट्यापाशी गेले, टेपनं डाग मोजला आणि परत येऊन बसले. साडेचार इंच.

उद्या सोमवार. पोस्टाची खिडकी साडेआठला उघडते. तिथे कुणालाही बिनडागाचं तिकीट बेचाळीस सेंटलाच मिळेल.