दसऱ्याचं कुंकू आणि चुलत्यांचा नेम
बंदुकीच्या तेलाचा वास आला की मला एक दसरा आठवतो आणि बसल्या जागी चुळबुळ सुरू होते. येडगावात आमच्या चुलत्यांनी नवी रायफल घेतली होती, जुन्या लष्करी रायफलीची हुबेहूब नक्कल. इथून गोळी मारली तर पार लांबच्या घाटघरातल्या डासाचा डावा पंख उडेल, असं ते सांगत. आम्ही त्यात उजवाही घालून सांगत असू. शेजारचा निवृत्त फौजी मात्र म्हणाला, "भाऊ, नक्कल ती नक्कल. हिची गोळी सरळ जायची न्हाई." "नारळ न्हाई फुटला तर मिशी उतरवतो!" चुलते गरजले. मिशी तरी कशी, दोन्ही टोकांना कावळे बसावेत अशी. दसऱ्याच्या शस्त्रपूजेतली रायफल आणि एक नारळ उचलून सगळे मळ्यामागच्या बंद खाणीत गेलो. तीन गोळ्या सुटल्या, नारळ जागचा हलला नाही. चुलते येरझाऱ्या घालू लागले. फौजीने रायफल न्याहाळली आणि तो हसला, "आवं, नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या माशीवर कुंकू अन् अक्षता चिकटल्यात!" चुलते पुसायला धावले, तशी चुलतीने हात धरला. "पूजेचं हाय. दसरा सरल्याबिगर पुसायचं न्हाई." "अगं, माझी मिशी जाईल!" "जाऊ द्या, उगवंल परत." संध्याकाळी मिशी गेली. दुसऱ्या दिवशी कुंकू पुसलं आणि पहिल्याच गोळीला नारळाच्या इतक्या ठिकऱ्या उडाल्या की गाव आठवडाभर खोबरं वेचत होतं. चुलत्यांनी ऐटीत पीळ द्यायला हात वर नेला आणि तो नाकाखाली नुसताच चाचपडत राहिला. आज माझे केस पिकलेत, पण नेम लागूनही इतका बेचैन झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.