लाल दोऱ्याचा कागद

आमच्या वहिनींना इस्पितळाच्या धुलाईखान्यात सगळे घडीबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. इस्त्री होऊन आलेली चादर उजेडात धरून तपासायची, बरोबर मधोमध घडी घालायची आणि थप्पीवर ठेवायची. डाग राहिला असेल तर कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घालून चादर परत धुवायला पाठवायची. यात त्या कुणाची भीडभाड ठेवत नसत. मुकादम म्हणे, बाईंच्या हातून डाग सुटला तर समजा, सूर्य पश्चिमेला उगवला.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर त्या चर्चमागच्या खोलीत मुलांना धर्मशिक्षण देत. मुलं वेदीपाशी पहिल्यांदा पवित्र भाकर घेतात, त्या पहिल्या कम्युनियनआधीचा त्यांचा एक पाठ ठरलेला होता. प्रत्येक मुलाला कागद मिळे, मधोमध घडी घातलेला. डाव्या बाजूला आपल्यावर आलेलं दुःख लिहायचं, उजव्या बाजूला देवानं त्यातून काय चांगलं केलं ते. कम्युनियनच्या दिवशी हे कागद टोपलीतून वेदीपाशी जात. पाय मोडला, मग आजोबांनी बुद्धिबळ शिकवलं, असं काहीबाही मुलं लिहीत. अर्धवट राहिलेल्या कागदात वहिनी हाताच्या सवयीनं लाल दोरा ओवत आणि तो परत देत. मग मुलं एकमेकांना चिडवत, "काय रे, लागला दोरा?"

पाठाच्या सुरुवातीला त्या स्वतःची गोष्ट सांगत. माझा थोरला भाऊ, म्हणजे त्यांचा नवरा, मुलांच्या बोलण्यातले काका, लग्नाच्या चौथ्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात गेला. म्हणून त्या नोकरीला लागल्या, तिथे इस्पितळ चालवणाऱ्या सिस्टरांची, म्हणजे धर्मभगिनींची, ओळख झाली, आणि सिस्टरांनीच त्यांना या वर्गात आणून बसवलं. ही गोष्ट मी अनेकदा ऐकली होती. तीत काही खटकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही.

त्या वर्षी वर्गात सुताराची मुलगी होती, नऊ वर्षांची. तिचा बाप पाच महिन्यांपूर्वी तापानं गेला होता. तिनं डावीकडे दोनच शब्द लिहिले होते, 'पप्पा गेले'. उजवी बाजू कोरी होती. गठ्ठा तपासताना वहिनींना फक्त कोरी बाजू दिसली आणि त्यांनी दोरा ओवला.

कम्युनियनला आठ दिवस उरले असताना तो कागद मुलीच्या हातात पडला. ती उभी राहिली.

"बाई, काका गेले म्हणून तुमचं सगळं चांगलं झालं. मग ते गेले ते बरंच झालं का?"

वहिनींनी तिला खाली बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा निरोप आला. मुलगी कम्युनियन घेणार नाही म्हणते. पप्पांना नेऊन देव जे चांगलं देणार, ते तिला नको आहे. मी जबरदस्ती करणार नाही, असंही आईनं कळवलं होतं.

संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. माझी बायको समजूत घालत होती की, पोर आहे, विसरून जाईल. वहिनींनी चहाचा कप तसाच ठेवला. "भावजी, मी त्या पोरीच्या बापाला डाग समजून दोरा घातला," एवढंच त्या म्हणाल्या.

बुधवारी कामाची पाळी संपल्यावर त्या मला घेऊन तिच्या घरी गेल्या. भिंतीवर करवती आकारानुसार टांगलेल्या होत्या. खाली तीन पायांचं स्टूल, चौथा पाय बसवायचा राहून गेलेला. मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. वहिनी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून खाली न बसणारी बाई.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "काका गेले ते बरं झालं नाही. आजही नाही. पुढे देवानं मला काम दिलं, माणसं दिली, तुम्ही मुलं दिली. पण काकांच्या बदल्यात नाही दिलं. मी वर्गात तसं सांगत आले, कारण तसं सांगणं सोपं होतं."

मुलीनं मांडीवरचं दप्तर बाजूला ठेवलं.

"येशूला क्रुसावरून उतरवलं, त्या संध्याकाळी त्याच्या आईला मी हा कागद दिला असता, तर उजवीकडे तिनं काय लिहिलं असतं?"

मुलीनं बराच विचार केला. "काही नाही."

"आणि मी तिलाही दोरा लावला असता."

मुलीला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. आई दारातून पुढे आली, पण वहिनींनी तिला हातानं थांबवलं. थोड्या वेळानं मुलीनं विचारलं, मग मी काय लिहू? वहिनी म्हणाल्या, काही नको. ती बाजू देवाची. त्याला घाई नाही, आपणही करायची नाही. तोवर तो तुझ्याजवळ बसून आहे, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

मग त्यांनी पिशवीतून स्वतःचा कागद काढला. आजवर त्यांनी तो कधी लिहिलाच नव्हता. आता डावीकडे माझ्या भावाचं नाव होतं, उजवी बाजू कोरी. त्यांनी सुई आणि लाल दोरा मुलीपुढे धरला. तिनं जीभ दातात धरून टाका घातला. वाकडाच पडला. वहिनींनी तो उजेडात धरून पाहिला आणि तसाच राहू दिला.

रविवारी मी तिसऱ्या बाकावर होतो. मुलगी आली. टोपली तिच्याच हातात होती. सगळ्यात वर दोन कागद होते, घडी उलगडलेले, उजव्या बाजूला कोरे, आणि दोन्हींच्या कोपऱ्यात लाल दोरा.